निष्ठा बघायची तर पगारपत्रक बघा : वसाहतीतल्या शिपायांचे युद्धपट

टीपकागद (धागालेखक)

झेंडा, राष्ट्रगीत आणि मरतानाचा संवाद यांवरून शिपायाची निष्ठा मोजायची सवय आपल्याला युद्धपटांनीच लावली. वसाहतीतल्या शिपायाच्या सिनेमात हे माप निकामी ठरतं. तिथे शिधा कुणाला किती, पगार कुठल्या दराने, बढती कुणाला, पत्र पोचतं का आणि म्हातारपणी पेन्शन येतं का, एवढं बघत जा. बाकीचं पार्श्वसंगीत सांभाळून घेतं.

रशीद बुशारेबचा 'आंदिजेन' (२००६) घ्या. नावाचा अर्थ सरळ 'नेटिव'. १९४३ पासून अल्जीरिया आणि मोरोक्कोतून भरती झालेले चौघे, सईद, यासिर, मसूद आणि अब्देलकादर, इटलीतून प्रोव्हान्समध्ये आणि तिथून अल्सासपर्यंत जातात. बोटीवर जेवणाच्या रांगेत काळ्या शिपायाला टोमॅटो नाकारला जातो. अब्देलकादर टोमॅटोची पेटी खाली ओततो आणि बुटाने तुडवतो. पुढे हा गडी भरपूर भाषणं करतो, पण लक्षात राहतो तो बुटाखालचा लाल चिखल.

मसूदचं प्रकरण टपालाचं. मार्सेयच्या इरेनला तो पत्रं लिहितो आणि ती सेन्सॉरच्या टेबलावर अडकतात. अब्देलकादर कॉर्पोरल आहे, बढतीच्या लायक आहे, पण फीत गोऱ्याच्या बाहीवर चढते. सार्जंट मार्तिनेझ अल्जीरियात वाढलेला 'फ्रेंच'. त्याच्या खिशात आईचा फोटो, आणि आई अरब. सईदला तो फोटो सापडतो, तो आपुलकीने त्याबद्दल बोलायला जातो, तर मार्तिनेझ त्याच्या अंगावर येतो. राष्ट्रीय ओळख या विषयावरचा चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंग हाच, आणि त्यात 'फ्रान्स' हा शब्द असण्याची गरजही नाही.

असेच प्रसंग इतर सिनेमांतले लिहा. नुसतं 'अंगावर काटा आला' नको.

कॅन्टीन_कुपन

पेन्शनचं नीट लिहितो, कारण 'सिनेमामुळे पेन्शन वाढलं' असं एका ओळीत सांगितलं जातं आणि ते अर्धवट आहे.

फ्रान्सने १९५९ च्या अर्थसंकल्पी कायद्यात एक कलम घातलं. वसाहत स्वतंत्र झाली की तिथल्या माजी सैनिकाचं पेन्शन त्या दिवशीच्या आकड्यावर गोठणार. फ्रान्समधल्या सैनिकाचं महागाईप्रमाणे वाढत राहणार. याला त्यांच्याकडे 'स्फटिकीकरण' म्हणत. कारण काय दिलं? तुम्ही आता फ्रेंच नागरिक नाही. लढताना पूर्ण नागरिक नव्हताच, पेन्शनच्या वेळी परदेशी झालात.

२००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. त्यावर सरकारने तोड काढली ती अशी की रक्कम राहत्या देशातल्या क्रयशक्तीनुसार ठरवायची. म्हणजे वाढ दिली, बरोबरी टाळली. मग सप्टेंबर २००६ मध्ये 'आंदिजेन' प्रदर्शित झाला आणि शिराक सरकारने बरोबरी जाहीर केली. सुमारे ८० हजार माजी सैनिकांचा प्रश्न होता. मात्र ही बरोबरी दोनच गोष्टींत मिळाली, लढवय्यांचा भत्ता आणि युद्धात आलेल्या अपंगत्वाचं पेन्शन. नोकरीच्या वर्षांवर मिळणारं नेहमीचं लष्करी निवृत्तिवेतन तसंच गोठलेलं राहिलं. ते मोडलं २८ मे २०१० ला, घटना परिषदेच्या निकालाने.

चित्रपटाच्या शेवटी म्हातारा अब्देलकादर दफनभूमीतून एका छोट्या खोलीत परततो. फ्रान्समधलं म्हातारपणाचं किमान अनुदान हवं तर वर्षातले किमान सहा महिने फ्रान्समध्येच राहायचं, असा नियम होता. त्यामुळे सेनेगलमधले कित्येक म्हातारे बायका-नातवंडं सोडून असल्याच खोल्यांत राहिले. त्यांच्यापुरती ही अट शिथिल झाली जानेवारी २०२३ मध्ये, ओमार सीचा 'तिरायेर' प्रदर्शित झाला त्याच दिवशी. तोवर असे मोजकेच उरले होते.

खंदकातला

उत्तम माहिती. पण धागालेखकाची पट्टी फ्रान्सला लागू पडते म्हणून हिंदुस्थानलाही पडेल असं नाही.

फ्रेंच प्रजासत्ताक तोंडाने समता म्हणत होतं. म्हणून टोमॅटो न मिळणं ही फसवणूक ठरते आणि त्यातून नाट्य निर्माण होतं. इंग्रजाने शिपायाला समतेचं वचन दिलंच नव्हतं. १९१४ मध्ये शिपायाचा पगार महिना ११ रुपये. गोऱ्या साध्या सैनिकाला रोज एक शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या दराने १२ आणे, महिन्याचे साडेबावीस रुपये. हा फरक उघड होता आणि तो शिपायाला ठाऊक होता. सुभेदार कितीही मुरलेला असो, कोवळा इंग्रज सेकंड लेफ्टनंट त्याच्या वरचाच. यात 'अरे, मला फसवलं' असा क्षण कुठून आणायचा?

आपल्या शिपायाची भाषा मिठाची आणि इज्जतीची. शपथ आपापल्या धर्माप्रमाणे घेतलेली. लाजायचं ते गावापुढे आणि पलटणीपुढे. 'देश' हा शब्द पत्रांत येतो तो बहुतेक वेळा मुलूख या अर्थाने. तेव्हा पगारपत्रक बघा, पण ते बघून शिपाई चिडेलच असं गृहीत धरू नका.

टीपकागद

मान्य. चिडेल असं म्हणायचं नव्हतं. कॅमेरा कुठे ठेवायचा, एवढंच म्हणत होतो.

रीळबदल

मग 'आंदिजेन'च्या शेजारी उस्मान सेम्बेन आणि चेर्नो फाती सो यांचा 'काम्प द तियारॉय' (१९८८) ठेवायलाच हवा. सेम्बेन स्वतः दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वसाहती फौजेत होता. चित्रपटाला व्हेनिसमध्ये ज्युरीचं विशेष पारितोषिक मिळालं, फ्रान्समध्ये मात्र तो कित्येक वर्षं दाखवला गेला नाही.

जर्मनांच्या कैदेतून सुटलेले आफ्रिकन शिपाई डकारजवळच्या छावणीत येतात. अंगावर अमेरिकन गणवेश. आधी तो काढून घेतात आणि लाल टोपीचा जुना वसाहती वेश देतात. मग जेवण. मग पैसे : थकलेला पगार आणि फ्रान्समधून आणलेल्या नोटा बदलायच्या तर निम्म्या दराने. शिपाई जनरलला अडवून ठेवतात, तो शब्द देतो, ते त्याला सोडतात, आणि रात्रीच्या अंधारात रणगाडे येतात. तुमची पट्टी इथे शंभर टक्के लागू.

या सिनेमात नावं ऐका. शिपाई एकमेकांना काँगो, नायजर, गॅबन अशी हाक मारतात. फ्रेंचांनी नकाशावर आखलेल्या वसाहतींची नावं माणसांची नावं झाली आहेत. यातला सार्जंट-मेजर दियात्ता शिकलेला, बायको फ्रेंच, अभिजात संगीत ऐकणारा. डकारमध्ये तो एका कुंटणखान्यात शिरतो, आधी अमेरिकन समजून त्याचं स्वागत होतं, आफ्रिकन असल्याचं कळताच बाहेर काढतात, आणि रस्त्यावर अमेरिकन लष्करी पोलीस त्याला झोडपतात. गणवेश तोच, माणूस तोच.

सबटायटलवाल्यांबद्दल एक तक्रार. दियात्ता सोडला तर शिपाई बराकीतली मोडकी फ्रेंच बोलतात; व्याकरण नसलेली, पलटणीतच शिकलेली. सगळ्यांना समजणारी तेवढी एकच भाषा. सबटायटलात ती शुद्ध इंग्रजी होऊन येते आणि दियात्ताचं वेगळेपण ऐकूच येत नाही. आपल्याकडे कुणी मराठी सबटायटलं केली तर बराकीतल्या तोडक्या हिंदुस्थानीसारखी बोली वापरावी. प्रमाण मराठी नको, विनोदी गावरान तर मुळीच नको.

कॅन्टीन_कुपन

'तियारॉय'मधल्या दोन गोष्टी इतिहास म्हणून सांगू नका. एक, हल्ला रात्रीचा दाखवला आहे. प्रत्यक्षात १ डिसेंबर १९४४ ला सकाळी, उजेडात, शिपायांना एकत्र बोलावून गोळीबार झाला. रात्रीच्या अंधारात गोंधळ झाला असेल, अशी पळवाट प्रेक्षकाला मिळते. सकाळने ती मिळत नाही. माझ्या मते सेम्बेनने इथे स्वतःचंच नुकसान करून घेतलं.

दोन, 'पेई' हा मुका शिपाई बुखेनवाल्डमधून आलेला दाखवला आहे. काळे युद्धकैदी जर्मन भूमीवर नकोत म्हणून जर्मनांनी बहुतेकांना व्याप्त फ्रान्समधल्याच छावण्यांत ठेवलं होतं. तरीही पेई जर्मन शिरस्त्राण घालून तियारॉयच्या काटेरी तारेला हात लावून बघतो, ते मी कापणार नाही.

मृतांचा अधिकृत आकडा ३५. तो फार कमी असल्याचं इतिहासकार सांगत आले आहेत. 'हत्याकांड' हा शब्द फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी सेनेगलच्या राष्ट्राध्यक्षांना पत्रात लिहिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये.

चष्मेबद्दूर

'आंदिजेन'चं एवढं कौतुक चाललंय म्हणून थोडं मीठ चोळतो. यासिर मोरोक्कन गुमिए पथकातला, भावाबरोबर लुटीसाठी आलेला, मनाने सरळ. हीच पथकं १९४४ मध्ये मध्य इटलीत होती आणि तिथल्या बायकांवर त्यांनी केलेल्या सामूहिक बलात्कारांना इटालियन भाषेत स्वतंत्र शब्द आहे. डी सिकाच्या 'ला चोचारा'त (१९६०) सोफिया लोरेन आणि तिच्या मुलीवर पडक्या चर्चमध्ये हल्ला करणारे तेच. एका सिनेमात नायक, दुसऱ्यात चेहरा नसलेली टोळी. बुशारेबने हे गाळलं. 'आम्हालाही फ्रान्सचे म्हणा' असा अर्ज करायचा तर हात स्वच्छ दाखवावे लागतात.

आणि खरं म्हणजे तो अर्जच आहे. शेवट बघा : अल्सासच्या गावात चौघांपैकी एकटा अब्देलकादर जिवंत उरतो, आणि फोटोग्राफर गावकऱ्यांना उभं करून फोटो काढतो तो नंतर आलेल्या फ्रेंच सैनिकांबरोबर. सिनेमाची मागणी काय, तर आमचाही फोटो काढा.

रीळबदल

अर्ज आहे हे पटतं, पण बुशारेब तिथे थांबला नाही. 'ऑर-ला-ल्वा' (२०१०) मध्ये तेच तीन नट, दब्बूझ, झेम आणि बुआजिला, आणि पात्रांची नावंही तीच : सईद, मसूद, अब्देलकादर. आता ते भाऊ आहेत. सुरुवातीला जमीन हिसकावली जाते, मग येतो ८ मे १९४५, सेतिफ. युरोपात विजयाचे घंटानाद चालू असताना अल्जीरियात मिरवणुकीवर गोळीबार. मसूद इंडोचायनात फ्रान्ससाठी लढून येतो, अब्देलकादर स्वातंत्र्यलढ्याचा संघटक होतो. दोन्ही लागोपाठ बघितले तर अर्ज फेटाळल्यावर काय होतं ते कळतं. पहिल्यावर सरकार गहिवरलं होतं, दुसऱ्याच्या वेळी कान महोत्सवाबाहेर निदर्शनं झाली.

खंदकातला

आपल्याकडच्या चुका सांगतो, कारण 'प्रतिनिधित्व' म्हटलं की टाळ्या पडतात.

'१९१७' (२०१९) मध्ये ट्रकमध्ये एक शीख शिपाई बसलाय, गोऱ्या इंग्रज शिपायांच्या मधोमध. 'शीख कुठून आला' म्हणणारे चूक. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसं गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. पण सिनेमातली तारीख आहे ६ एप्रिल १९१७. हिंदी पायदळाच्या मीरत आणि लाहोर डिव्हिजन १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे (आजचा इराक) हलवल्या होत्या. उरलं होतं ते मुख्यतः घोडदळ. शिवाय शिपाई लढायचा तो स्वतःच्या पलटणीत, आपल्या सुभेदाराखाली. एकटा सुटा शीख गोऱ्यांत बसवला की वर्णभेदाची सगळी रचना, वेगळी पलटण, वेगळा स्वयंपाक, वेगळा अधिकारी, पडद्यावरून गायब होते. आदर दाखवायच्या नादात इतिहास सौम्य होतो. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी रुग्णालय केलं तेव्हा नऊ स्वयंपाकघरं मांडली होती, हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. इतक्या बारकाईने वेगळं ठेवणारं सैन्य होतं ते.

'द इंग्लिश पेशंट'मधला शीख सुरुंगतज्ज्ञ किप हा दुसरा नमुना. कादंबरीत हिरोशिमाची बातमी ऐकून त्याचं इंग्रजांशी नातं तुटतं. असला बाँब त्यांनी गोऱ्या राष्ट्रावर टाकला नसता, हे त्याला उमगतं. १९९६ च्या सिनेमात ते काढून टाकलं आणि किप सोबत्याच्या मृत्यूच्या दुःखात निघून जातो. राजकीय कारण काढलं, खाजगी ठेवलं. ऑस्कर नऊ.

चष्मेबद्दूर

मुंबईकरांनी हा अभ्यास लवकर केला होता. कोर्डांच्या 'द ड्रम'विरुद्ध १९३८ मध्ये मुंबईत निदर्शनं झाली आणि सिनेमा उतरवावा लागला. इंग्रजांना मदत करणारा राजपुत्र साबू चांगला, बंड करणारा पठाण राक्षस. पुढच्याच वर्षीच्या 'गंगा दीन'मध्ये तर भिस्ती म्हणून तोंडाला रंग फासलेला अमेरिकन नट.

एकांकिकावाला

थोडं अवांतर, पण इथेच उत्तर मिळेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुटला पडलेल्या वेढ्यातल्या मराठा शिपायांवर ४५ मिनिटांची एकांकिका लिहितोय. पात्रं चार : सुभेदार, नाईक, नवा शिपाई, इंग्रज कॅप्टन. हमखास काय चुकतं?

बेळगावी_फेटा

पुष्कळ चुकतं. सुचेल तसं लिहितो.

पलटणीचं नाव : १९१६ मध्ये एकसंध 'मराठा लाइट इन्फन्ट्री' रेजिमेंट नाही. ती १९२२ च्या फेररचनेत झाली. कुटमध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३ वी आणि ११० वी मराठा होत्या. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे यांची व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धातली, इटलीतली; ती नावं कुटच्या संवादात घुसवू नका. हिंदी शिपायाला तो क्रॉस मिळायची मुभाच मुळात १९११ पासूनची.

माणसं : या पलटणी नुसत्या मराठ्यांच्या नव्हत्या. कोकणी मराठे, देशावरचे मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वेगवेगळ्या कंपन्या असत. तुमच्या चार पात्रांत एक दख्खनी मुसलमान घ्या. समोर तुर्की फौज, म्हणजे खलिफाची. निष्ठेचा प्रश्न त्याला नुसता कल्पनेतला नाही, रोज संध्याकाळी नमाजाला बसताना पडणारा आहे. त्याला गद्दार करू नका, फार सोपं होईल.

भाषा : कॅप्टन शिपायांशी हिंदुस्थानीत बोलेल, शिपाई आपसांत मराठीत. कॅप्टन आल्यावर भाषा बदलली पाहिजे.

मुख्य प्रसंग तयारच आहे : घोड्याचं मांस. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं, गोरे सैनिक घोडी खाऊ लागले. हिंदू-मुसलमान दोघांनीही नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली, तरी बरेच दिवस कुणी हात लावेना. बहुतेकजण खायला लागले ते एप्रिलमध्ये, तोवर अंगात काही उरलं नव्हतं. भीती तुरुंगाची नव्हती. गावी कळलं तर वाळीत पडू, मुलींची लग्नं अडतील, ही होती. कॅप्टनने कितीही समजावलं तरी गाव ऐकणार नाही, हे शिपायाला माहीत आहे.

'भारतमाता' शब्द टाळा. स्वातंत्र्याचं भाषण टाळा. शरणागतीनंतर सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि शिपाई वाळवंटातून पायी गेले, एवढं शेवटी नुसतं सांगितलं तरी पुरे.

टीपकागद

पत्र वापरणार असाल तर एक खरी युक्ती. फ्रान्समधून येणारी हिंदी टपाल सेन्सॉर होत असे. शिपायांनी लिहिलं, काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला कोडं सुटलं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत पोचलं. कुटमध्ये टपालच बंद होती, तेव्हा न धाडलेलं पत्र करा.

नांगरगाव

सुभेदार-नाईकांच्या गर्दीत एक बाजू राहते. 'इंग्रजांशी निष्ठा की देशाशी' हा प्रश्न महार शिपायाला लावून बघा. ज्या सैन्यात पिढ्यानपिढ्या नोकरी केली, त्याच सैन्याने १८९० च्या दशकात 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद केली. गोपाळ बाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. बाबासाहेबांचे वडील याच सैन्यात सुभेदार होते. १११ वी महार पलटण उभी राहिली १९१७ मध्ये आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट आली १९४१ मध्ये. बंदूक मिळणं म्हणजे वेठबिगारीतून बाहेर पडणं, मुलांना शाळा, आणि 'सुभेदार' म्हणवून घेणं. गावाच्या लाजेचं जे वर आलंय तेही इथे उलटं होतं : ज्या गावाने आधीच वेशीबाहेर ठेवलं, ते वाळीत आणखी कुठे टाकणार?

बेळगावी_फेटा

+१. आणि एकांकिकावाले, म्हणूनच १९१६ च्या कुटमध्ये महार शिपाई दाखवू नका. तो तिथे नसण्याचं कारण वरच्याच पोस्टमध्ये आहे. हवं तर एका संवादात ते कारण येऊ द्या.

एकांकिकावाला

नोंदवलं. शेवटचा प्रश्न : शपथ मोडण्याचा सिनेमा आपल्याकडे आहे का, ज्यात कागदपत्रं बोलतात?

कॅन्टीन_कुपन

'राग देश' (२०१७), तिग्मांशू धुलियाचा. आझाद हिंद सेनेच्या तिघा अधिकाऱ्यांवरचा लाल किल्ल्यातला खटला : शाहनवाज खान, प्रेम सहगल, गुरबक्षसिंग धिल्लन. गाणीबजावणी कमी, कोर्ट जास्त, म्हणून चालला नाही बहुधा. आरोप होता राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. बचावाला मुंबईचे भुलाभाई देसाई. त्यांचा मुद्दा असा की पारतंत्र्यातल्या लोकांना मुक्तीसाठी युद्ध करायचा आंतरराष्ट्रीय कायद्याने अधिकार आहे. म्हणजे शिपायाची शपथ मोठी की प्रजेचा हक्क, हे उघड कोर्टात आलं.

शिक्षा बघा, धागालेखकाच्या मुद्द्याला धरून आहे. तिघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची, सैन्यातून बडतर्फी आणि थकलेला पगार-भत्ता जप्त. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेकने लोकक्षोभ पाहून जन्मठेप माफ केली. बडतर्फी कायम ठेवली आणि पगाराची जप्तीही कायम ठेवली.

टीपकागद

जन्मठेप सोडली आणि पगार नाही सोडला! एकांकिकावाले, तुमच्या नव्या शिपायाच्या खिशात पगाराची नोंदवही ठेवा. वेढ्यात शिधा सरकारी, त्यामुळे ११ रुपये नुसते कागदावर साठत जातील. पाचव्या महिन्यात बेरीज किती झाली ते त्याला तोंडपाठ असेल.

एकांकिकावाला

पंचावन्न. पहिलं वाक्य मिळालं.